नॉर्दर्न लाइट्स बघायला जाताय? आधी ढगांचा हिशेब करा

नॉर्दर्न लाइट्ससाठी, म्हणजे उत्तरेच्या रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या ध्रुवीय प्रकाशासाठी (ऑरोरासाठी), उत्तरेला आलेल्या बहुतेक मंडळींच्या फोनमध्ये दोन-तीन ऑरोरा अ‍ॅप असतात आणि सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर असते. केपी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा, किती? आज दोनच दाखवतंय, मग जेवून झोपू. परवा पाच आहे, परवा जाऊ. परवा संध्याकाळी आभाळ असं गच्च भरून येतं की चंद्रसुद्धा दिसत नाही. आणि ज्या रात्री झोप काढली त्या रात्री बाकीचे लोक तासभर हिरवा प्रकाश बघून आलेले असतात.

ही सहल फसते ती सहसा सूर्यामुळे नाही, ढगांमुळे. फिनलंडच्या हवामान संस्थेचं सांगणं असं की, वायव्येच्या टोकाला किल्पिस्यार्वी भागात आकाश अंधारं आणि निरभ्र असेल तर चारपैकी तीन रात्री ध्रुवीय प्रकाश दिसतो. बराच खाली, सोदान्क्युलाला, दोनपैकी एक रात्र. म्हणजे योग्य पट्ट्यात जाऊन उभं राहिलं की सूर्य आपलं काम बहुतेक वेळा करतोच. आपल्याला सांभाळायचे असतात अंधार, ढग आणि थंडी. या लेखातला सगळा खटाटोप त्या तिघांसाठी आहे.

उदाहरण म्हणून उत्तर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड घेतो. तिन्ही देश एकाच शेंगेन व्हिसावर होतात आणि एकीकडे ढग असले तर दुसरीकडे सरकता येतं.

प्रकाश येतो कुठून

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा झोत सतत येत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं, वळवतं, आणि त्या झटापटीत वेग मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून ध्रुवांकडच्या वातावरणात उतरतात. तिथे ऑक्सिजन आणि नायट्रोजनवर आदळले की प्रकाश निघतो. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा रंग देतो, २०० किलोमीटरच्या वरचा लाल. खालच्या कडेला कधी दिसणारी गुलाबी किनार नायट्रोजनची. नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलांडने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्याभोवती हा प्रकाश पाडून दाखवला होता. नॉर्वेच्या जुन्या २०० क्रोनच्या नोटेवर त्याचंच चित्र होतं.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. हा प्रकाश ध्रुवावर नसतो, ध्रुवाभोवतीच्या कड्यात असतो. पृथ्वीच्या डोक्यावर किंचित कलती ठेवलेली चुंबळ डोळ्यांसमोर आणा. शांत दिवशी ही चुंबळ उत्तर स्कँडिनेव्हियावरून जाते: नॉर्वेतलं ट्रोम्सो, स्वीडनमधलं आबिस्को आणि किरुना, फिनलंडमधलं इनारी. सौरवादळात ती फुगते आणि दक्षिणेला सरकते. १०-११ मे २०२४ ला २००३ नंतरचं सर्वांत मोठं वादळ आलं तेव्हा लडाखमधल्या हान्लेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीसुद्धा आकाशातली लाल झाक टिपली. पण वादळाची वाट बघत बसायचं ते चुंबळीच्या बाहेर राहणाऱ्यांनी. तुम्ही तिच्या खालीच जाऊन उभं राहायचं.

सूर्याची हालचाल ठरावीक वर्षांनी वाढते आणि ओसरते, ते सौरचक्र. ‘सौरचक्राचा कळस २०२४ च्या सुमारास येऊन गेला, आता जाण्यात अर्थ नाही’ असंही कोणी सांगेल. मनावर घेऊ नका. कळसानंतरच्या वर्षांत सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या विरळ भागांतून (कोरोनल होल्समधून) कणांचे वेगवान झोत येत राहतात, आणि सूर्याला स्वतःभोवती फिरायला साधारण २७ दिवस लागतात म्हणून तोच झोत पुन्हा पुन्हा पृथ्वीला भेटतो.

महिना: मे महिन्याची सुट्टी विसरा

आपल्याकडे परदेशवारी म्हटलं की मुलांच्या शाळेची सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे मे. ट्रोम्सोत २० मेच्या सुमारास मध्यरात्रीचा सूर्य सुरू होतो तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मावळतच नाही. त्याच्या आगेमागेही रात्र उजळच असते. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिकडे नॉर्दर्न लाइट्ससाठी जाऊ नये. प्रकाश आकाशात असतो, पण दिसायला अंधारच नसतो.

दिवाळीची सुट्टी मात्र वाटते त्यापेक्षा बरी. लक्ष्मीपूजन अमावस्येला, त्यामुळे त्या आठवड्यात चंद्राचा उजेड जवळजवळ नसतोच. रात्र लांब असते, थंडी अजून सोसण्याजोगी असते. अडचण एवढीच की ऑक्टोबर-नोव्हेंबरात नॉर्वेच्या किनाऱ्यावर पाऊस आणि ढग भरपूर, बर्फ कमी. तेव्हा दिवाळीत जायचं तर किनारा सोडून आत, आबिस्को किंवा किल्पिस्यार्वीकडे मुक्काम ठेवा.

नाताळची सुट्टी सगळ्यात महाग. ट्रोम्सोत २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारीच्या दरम्यान सूर्य क्षितिजावर येतच नाही. दिवसभर काळोख असतो असं मात्र नाही: दुपारच्या आसपास दोन-तीन तास दक्षिणेला गुलाबी-निळी उजळण राहते. लोकमान्य टिळकांनी वेदांतल्या दीर्घ उषःकालाच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर ध्रुवप्रदेशात शोधलं होतं. ते पटो न पटो, ही न संपणारी पहाट बघताना त्यांची आठवण होतेच.

मला विचाराल तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा तिसरा आठवडा. आतल्या भागात हवा जरा स्थिर झालेली असते, बर्फ भरपूर असतो, दिवसा नऊ ते बारा तास उजेड मिळतो म्हणून बाकीची सहलही होते. शिवाय विषुवदिनांच्या आसपास सूर्याचं आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांत जास्त सहज गुंततं, त्यामुळे मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हालचाल थोडी वाढते. ज्यांना बर्फाची भीती वाटते, सोबत वयस्कर आई-बाबा आहेत, त्यांनी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा बघावा. तळी गोठलेली नसतात, पाण्यात प्रकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि रस्त्यावर घसरायची धास्ती कमी.

पौर्णिमा टाळायलाच हवी असं नाही. चांदण्यात फिका प्रकाश हरवतो हे खरं, पण डोंगर आणि बर्फ उजळून निघतात आणि फोटोत जागेचं रूप येतं. 

जागा

ट्रोम्सोला विमानं भरपूर, हॉटेलं भरपूर, आणि समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीतही तापमान बहुधा उणे पाचच्या आसपास. त्याच समुद्रामुळे ढगही भरपूर. म्हणून ट्रोम्सो हा मुक्कामाचा तळ समजा. बघायची जागा रोज संध्याकाळी ठरते. पश्चिमेचं वारं असलं की ढग किनाऱ्यावर अडकतात, तेव्हा डोंगरांमागे शिबोत्नकडे जायचं, गाडीने दीड-दोन तास. तिथेही झाकलेलं असेल तर आणखी पुढे फिनलंडच्या हद्दीत किल्पिस्यार्वी. वारं पूर्वेचं असलं की कधी उलट होतं: आत ढग आणि क्वालोया बेटावर, सोमारोयाकडे आकाश मोकळं.

आबिस्को हे स्वीडनमधलं अगदी छोटं गाव. एक राष्ट्रीय उद्यान, लांबलचक टोर्नेत्रेस्क तळं आणि रेल्वे स्टेशन. पश्चिमेचे डोंगर ओलावा आधीच झेलतात, त्यामुळे गाव पर्जन्यछायेत. आपल्याकडे महाबळेश्वरला धो-धो पाऊस आणि घाट उतरून माणदेशात कोरडं, तोच प्रकार. आजूबाजूला ढग असताना तळ्यावर मात्र आकाशाचा तुकडा उघडा राहतो. लोक त्याला ‘ब्लू होल’ म्हणतात. नुओल्या डोंगरावर ९०० मीटर उंचीवर ऑरोरा स्काय स्टेशन आहे, वर चेअरलिफ्टने जातात. वारा जोरात असेल तर लिफ्ट बंद राहते. पैसे वाचवायचे असतील तर खाली तळ्याच्या काठावरूनही तेच आकाश दिसतं.

फिनिश लॅपलंड कुटुंबासाठी सोपं. हेलसिंकीहून रात्रीची गाडी रोव्हानिएमीला जाते, सांताचं गाव आहे, रेनडिअर आहेत, मुलं खूश. पण रोव्हानिएमी आर्क्टिक वृत्तावरच आहे आणि शहराचा उजेडही आहे. प्रकाशासाठी आणखी उत्तरेला सारिसेल्का किंवा इनारीला मुक्काम करा. इथली थंडी कोरडी आणि कडक, उणे वीस ते तीससुद्धा. काचेच्या इग्लूत झोपून प्रकाश बघायचं स्वप्न पुष्कळांना असतं. खुशाल राहा, पण एकच रात्र. त्या एका रात्रीच्या पैशात साध्या केबिनमध्ये तीन-चार रात्री निघतात, आणि रात्री जितक्या जास्त तितकं बरं.

आइसलंडबद्दल थोडक्यात: निसर्ग अफाट, हवा लहरी. तिथे धबधब्यांसाठी आणि हिमनद्यांसाठी जा, प्रकाश दिसला तर तो वर.

किती रात्री?

समजा एखाद्या ठिकाणी त्या महिन्यात दहापैकी चार रात्री आकाश मोकळं असतं. एकच रात्र थांबलात तर संधी ४० टक्के. तीन रात्रींत निदान एक मोकळी रात्र मिळण्याची शक्यता ७८ टक्के आणि पाच रात्रींत ९२. अर्थात हे झालं कागदावरचं गणित. ढग एकेकटे येत नाहीत. एखादी हवामान प्रणाली आली की दोन-तीन दिवस ठाण मांडते. म्हणून पाच रात्री एकाच गावात काढण्यापेक्षा डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे अशा विभागून काढाव्यात.

मला सगळ्यात पटलेला आराखडा असा: ट्रोम्सोत तीन रात्री, मग बसने चार-साडेचार तासांत नार्विक, तिथून रेल्वेने दोनेक तासांत आबिस्को, तिथे दोन-तीन रात्री, आणि परत किरुनाहून विमानाने स्टॉकहोम. रेल्वेचा तो तुकडा फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या अरुंद खाडीच्या, कडेने चढत जातो, तो दिवसा उजेडी करा. ‘चार दिवसांत तीन देश’ छापाच्या पॅकेजमध्ये उत्तरेतली रात्र अनेकदा एकच असते. कार्यक्रमपत्रिकेत ‘नॉर्दर्न लाइट्स’ हे शब्द किती वेळा आलेत ते सोडा, आर्क्टिक वृत्ताच्या वर किती रात्री झोपणार ते मोजा.

व्हिसा आणि डबा

शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच्याकडे करायचा. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. निदान दोन-अडीच महिने हातात ठेवाच, कारण अडतं ते अपॉइंटमेंटवर.

खाण्याचं सामान नेताना एक लक्षात ठेवा. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, पनीर घरीच राहू द्या. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग, खाकरे, पाकीटबंद पोहे-उपमा यांनी काम भागतं. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि इंडक्शनवर चालणारा छोटा कुकर नेलात तर रात्री दोनला परत आल्यावर गरम मुगाची खिचडी मिळेल. नॉर्वेत रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच भरून ठेवा. रोख पैसे फारसे लागत नाहीत, सगळीकडे कार्ड चालतं.

थंडी: चालण्याची वेगळी, उभं राहण्याची वेगळी

मनालीला घेतलेलं जाड जॅकेट आहे, भागेल, असं वाटतं. मनालीत तुम्ही चालत होता. इथे उणे पंधरात दोन-तीन तास एका जागी उभं राहायचं असतं.

अंगाला लागून लोकरीचं, शक्यतो मेरिनो, थर्मल. त्यावर फ्लीस किंवा स्वेटर. सगळ्यात वर वारा अडवणारं, पिसं भरलेलं, मांडीपर्यंत येणारं जॅकेट. पायांनाही तोच नियम: थर्मल, मग उबदार पँट, मग वारा अडवणारी पँट. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स अजिबात नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम गार पडतो.

पहिली तक्रार नेहमी पायांची येते. बूट एक नंबर मोठे घ्या, आत जाड लोकरी मोजे, आणि बोटं आत हलली पाहिजेत. दोन मोजे कोंबून बूट घट्ट केलेत तर पाय जास्त गार पडतात, कारण ऊब धरून ठेवणारी हवाच आत उरत नाही. बर्फावर उभं राहताना पायाखाली पुठ्ठा किंवा फोमची पट्टी टाका. फरक पाच मिनिटांत कळतो. हाताला पातळ हातमोजे आणि त्यावर चार बोटं एकत्र मावणारे जाड हातमोजे. फोटो काढताना फक्त वरचे काढायचे.

चष्मेवाल्यांसाठी: मफलर नाकावर ओढला की श्वास काचेवर जाऊन धुकं होतं आणि कडक थंडीत ते गोठतं. मफलर नाकाच्या खाली ठेवा, नाहीतर चक्क लेन्स लावून जा. ट्रोम्सोच्या फुटपाथवर बर्फ वितळून पुन्हा गोठलेला असतो. बुटाखाली बांधायचे खिळ्यांचे पट्टे तिथे दुकानात मिळतात, आई-बाबांसाठी ते पहिल्याच दिवशी घ्या. इन्सुलिन घेत असाल तर ते गोठू देऊ नका, आतल्या खिशात ठेवा.

सगळं विकत घ्यायची गरज नाही. टूरवाले बरेचदा अंगभर घालायचा थर्मल सूट आणि बूट देतात. बुक करतानाच विचारून घ्या.

रोज संध्याकाळचा अभ्यास

दुपारी चारच्या सुमारास बसायचं. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी ढग. नॉर्वेचं वायआर किंवा विंडी, यांपैकी एखादं हवामानाचं संकेतस्थळ उघडा आणि एकाच गावाचा अंदाज न बघता शंभर-दीडशे किलोमीटरच्या टापूतला नकाशा बघा, तासागणिक. खालचे, मधले आणि वरचे ढग वेगळे दाखवतात ते वेगळेच बघा. खालचा ढग म्हणजे झाकण. वरचे पातळ ढग असतील तर ठळक प्रकाश त्यातूनही दिसतो. मग उपग्रहाचं ताजं चित्र बघून अंदाज खरा ठरतोय का ते तपासा. कुठे आणि किती वाजता खिडकी उघडणार हे इथेच ठरवायचं.

त्यानंतर केपी, तोही जाता जाता. हा शून्य ते नऊचा आकडा सगळ्या पृथ्वीची तीन-तीन तासांची सरासरी सांगतो. चुंबळीच्या खाली एक-दोनसुद्धा पुरतो. पाच म्हणजे छोटं वादळ. तेव्हा ट्रोम्सोत प्रकाश डोक्यावरून दक्षिणेला सरकलेला असू शकतो, एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर उत्तरेकडे तोंड करून बसाल.

बाहेर पडल्यावर बघायचा खरा आकडा म्हणजे बीझेड. सौरवाऱ्यासोबत आलेलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे हे तो सांगतो. उणे असेल तर दार उघडं. उणे पाचच्या खाली जाऊन अर्धा तास टिकला तर जागचे हलू नका. सौरवाऱ्याचा वेग ४०० किलोमीटर प्रतिसेकंद हा नेहमीचा. ५०० च्या पुढे गेला की मजा. ही मोजणी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांवर होते, त्यामुळे हातात जेमतेम अर्धा-एक तास मिळतो. अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेच्या संकेतस्थळावर हे सगळं फुकट आहे. ‘आठवड्याचा ऑरोरा अंदाज’ विकणाऱ्या अ‍ॅपवर पैसे घालवू नका.

टूर की स्वतःची गाडी?

आयुष्यात बर्फावर गाडी चालवली नसेल तर टूर घ्या, यात कमीपणा नाही. रस्ता उजव्या बाजूचा, वर काचेसारखा बर्फ, मध्येच रेनडिअर, आणि चालकाचं अर्धं लक्ष आकाशात. भर रस्त्यात गाडी थांबवून फोटो काढणं हा तिथला खरा धोका आहे. गाडी घेतलीच तर पार्किंगच्या जागेतच थांबा, अंगात चमकणारं जाकीट घाला आणि दिवे बंद करा. गोठलेल्या तळ्यावर स्थानिकांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

टूरमध्ये दोन प्रकार. मोठी बस स्वस्त असते, पण ती ठरलेल्या एक-दोन जागी जाते. छोटी मिनीबस महाग, पण आकाश मोकळं सापडेपर्यंत जाते. आई-बाबांची दगदग नको म्हणून मोठी बस घेणारे पुष्कळ असतात. माझं मत मिनीबसचंच. पैसे भरण्यापूर्वी विचारा: किती लांब जाता, फिनलंडच्या हद्दीत जाता का, गट किती जणांचा, थर्मल सूट देता का, शाकाहारी जेवण आहे का, ढगांमुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख? आणि ज्याबद्दल विचारायला सगळे संकोचतात तो प्रश्न आधी विचारा: वाटेत स्वच्छतागृह कुठे? बहुतेकदा पेट्रोल पंपावर एकच थांबा मिळतो. पुढचे चार तास काळोखातलं जंगल. हद्द ओलांडायची असेल तर पासपोर्ट खिशात हवा.

टूर पहिल्या रात्रीची घ्या. मार्गदर्शक आकाश कसं वाचतो ते बघून घेतलंत की पुढच्या रात्री स्वतः काढता येतात. हवा चांगली असेल तर ट्रोम्सोतल्या प्रेस्तवानेत तळ्यापाशी किंवा तेलेग्राफबुक्ता किनाऱ्यावर चालत जाऊनही काम होतं.

बाहेर उभं राहिल्यावर

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पडदा एकदा बघितला की ती सवय मोडते. पडद्याचा उजेड अगदी कमी करा, टॉर्च लाल उजेडाचा वापरा.

आता एक रात्र जवळून बघू. सुरुवातीला उत्तरेकडे, क्षितिजाच्या जरा वर, पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत फिकट राखाडी पट्टा दिसतो. नवखा माणूस त्याला ढग समजून गाडीत जाऊन बसतो. तपासायची युक्ती सोपी: पट्ट्यातून तारे स्वच्छ दिसतात का बघा, आणि फोनने तीन सेकंदांचा फोटो काढा. फोटोत हिरवा आला की ढग नाही. आपल्या डोळ्यांतल्या मंद उजेड टिपणाऱ्या पेशींना रंग कळत नाही, म्हणून फिका प्रकाश पांढुरकाच दिसतो. वयस्कर डोळ्यांना आणखी फिका. फोटोतल्या भडक हिरव्याची अपेक्षा घेऊन आलेल्यांना हे आधीच सांगून ठेवा.

हा पट्टा अर्धा तास, कधी दोन तास नुसता पडून असतो. कंटाळा येतो, चहा संपतो, लोक परत जायचं म्हणू लागतात. मग पट्ट्याची खालची कड ठळक होते, त्यात उभ्या रेघा उमटतात, एका टोकाला घडी पडते आणि ती घडी वेगाने पळायला लागते. इथून पुढची पाच-दहा मिनिटं हीच खरी. हिरवा आता डोळ्यांनाही हिरवाच दिसतो, खाली गुलाबी कड झळकते, बर्फावर उजेड पडतो. नशीब जोरावर असेल तर रेघा डोक्याच्या किंचित दक्षिणेला एका बिंदूपाशी जुळतात. या रूपाला कोरोना म्हणतात. त्या वेळी कॅमेरा सोडा आणि मान वर करा. मग सगळं विस्कटतं, आणि मध्यरात्रीनंतर आकाशभर फिकट डाग उघडमीट करत राहतात. पुष्कळांना ते दिसतही नाहीत, कारण ते गाडीत शिरून फोटो बघत असतात.

हे चक्र दोन-तीन तासांनी पुन्हा येऊ शकतं. म्हणून एकदा भडकून शांत झालं की ‘झालं, चला’ म्हणू नका. साधारण संध्याकाळी सात ते रात्री दोन ही वेळ धरा आणि त्यातही दहा ते एक बाहेरच राहा. दुपारी झोप काढलेली असली तर हे जमतं.

फोटो

ट्रायपॉड हवाच. कॅमेऱ्याला १४ ते २४ मिमीची, एफ २.८ किंवा त्याहून उघडी लेन्स, सगळं मॅन्युअल. आयएसओ १६०० ते ३२००, प्रकाश संथ असेल तर आठ-दहा सेकंद, नाचत असेल तर एक ते तीन. जास्त ठेवलंत तर रेघा पुसून नुसता हिरवा लगदा होतो. फोकस अंधारात आपोआप लागत नाही. पडद्यावर एक ठळक तारा मोठा करून हाताने लावा आणि रिंगला चिकटपट्टी मारा. व्हाइट बॅलन्स ३५०० ते ४००० केल्विन, फोटो रॉमध्ये. फोनवाल्यांनी नाइट मोड, तीन सेकंदांचा टायमर आणि फ्लॅश बंद. फ्लॅश बंद करायला विसरलात तर शेजारचे चार देशांच्या भाषांत आठवण करून देतील.

थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात. जादा बॅटरी, फोन आणि पॉवर बँक जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेत ठेवा. परत आत येण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीत दोन तास उघडू नका. नाहीतर गार काचेवर आणि आतल्या भागांवर पाणी धरतं. मेमरी कार्ड मात्र आधीच काढून घ्या, म्हणजे झोपण्यापूर्वी फोटो बघता येतील.

जे आधीच उत्तरेकडे राहतात त्यांच्यासाठी

स्कॉटलंड, आयर्लंड, उत्तर जर्मनी, डेन्मार्कमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हिशेब उलटा आहे. तुम्ही चुंबळीच्या बाहेर आहात, म्हणून तुमच्यासाठी केपी मोलाचा: स्कॉटलंडला पाच-सहा, जर्मनीच्या किनाऱ्याला सात धरून चला. ब्रिटनमध्ये लँकेस्टर विद्यापीठाची ऑरोरावॉच सेवा सूचना पाठवते. सूचना आली की उत्तरेला क्षितिज मोकळं असलेली, मागे शहर टाकणारी जागा गाठा; समुद्राचा उत्तरेकडे बघणारा किनारा सर्वांत उत्तम. प्रकाश क्षितिजालगत आणि बरेचदा लालसर असतो, आधी कॅमेऱ्यालाच दिसतो. ही जागा एखाद्या रविवारी दिवसा जाऊन हेरून ठेवा, कारण सूचना आल्यावर हातात तासभरच असतो.

आणि न्यूयॉर्क किंवा टोरांटोहून हिवाळ्यात रात्रीच्या विमानाने युरोपमार्गे मुंबईला येणार असाल तर अटलांटिकवर डाव्या बाजूची खिडकी मागा, पंखाच्या पुढची किंवा बरीच मागची. केबिनचे दिवे मालवले की ब्लँकेट डोक्यावरून खिडकीपर्यंत ओढा म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही. या एका जागेवर ढगांचा हिशेब लागत नाही. ते खाली राहिलेले असतात.